समुद्रतळाचा दगड न बघता कसा ओळखतात? विंचूरच्या काळ्या पाषाणाचा अरबी समुद्रातला माग

निफाड तालुक्यातल्या विंचूरला विहीर खोदायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली दगड. तो दगड कसला आहे, हे जाणता माणूस पहारीच्या आवाजावरून सांगतो. आवाज खणखणीत आला तर काळा पाषाण, म्हणजे सुरुंगाशिवाय गत्यंतर नाही. बद्द आवाज आला तर मांजऱ्या किंवा झिजलेला खडक, म्हणजे पाण्याची थोडी आशा. बाजारात माठ घेताना टिचकी मारून बघतात, त्यातलाच हा प्रकार.

विंचूर लोकांना माहीत असतं ते कांदा, द्राक्षं, लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आणि वाईन पार्क यांमुळे. समुद्र इथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून लांब आहे. तरीही गावाचं समुद्राशी नातं आहे, आणि तेही एका नाही तर दोन समुद्रांशी. गावाखालचा काळा दगड पश्चिमेला कोकणात उतरतो, मुंबईखालून जातो आणि अरबी समुद्राच्या तळाखाली शिरतो. शेतातली माती मात्र पावसात वाहून गोदावरीला मिळते आणि पूर्वेला बंगालच्या उपसागरात जाऊन बसते. शेकडो, कुठे हजारो मीटर पाण्याखाली काय आहे हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तिथेही पहारीसारखाच आवाज कामाला आला.

हा सोनार दागिने घडवत नाही

समुद्रात उजेड दोनशे मीटरच्या खाली जवळजवळ पोहोचत नाही. रेडिओ लहरी तर पाण्यात लगेच विरून जातात, त्यामुळे रडार तिथे निरुपयोगी. आवाजाचं उलट आहे. हवेत तो सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५०० मीटर, आणि जातोही लांबवर. जहाजाच्या बुडाखालून आवाजाची एक ठिणगी सोडायची, ती तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि खोली काढायची, एवढंच सोनारचं मूळ काम. प्रतिध्वनी चार सेकंदांनी आला तर जायला दोन, यायला दोन, म्हणजे तळ तीन किलोमीटरवर.

त्याआधी खोली मोजायचे ती दोरीला शिशाचा ओळंबा बांधून. शिशाच्या बुडाला चरबी फासलेली असे. तिला चिकटून वर आलेली वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचे तुकडे बघून खलाशी तळ कसला आहे हे ओळखत आणि नकाशावर तशी अक्षरं लिहीत. एका मोजणीत खोली आणि नमुना दोन्ही हाती यायचं. पुढे सोनार आल्यावर खोली झटपट मिळू लागली, पण नमुना मिळेनासा झाला. या विषयातली निम्मी अडचण तिथे सुरू होते.

अरबी समुद्रात हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं ते १९३३-३४च्या जॉन मरे मोहिमेत. जहाज इजिप्तचं, नाव ‘मबाहिस’. मोहिमेचे प्रमुख होते सेमूर सेवेल, जे त्याआधी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. समुद्राखालची एक मोठी डोंगररांग त्यांना सापडली. तिला आज मरे रिज म्हणतात. त्यानंतर आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली आणि तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ, उभी राहिली. तिचं मुख्यालय गोव्यात दोना पावला इथे आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासमोरच्या समुद्रतळाबद्दल आज जे माहीत आहे, त्यातला बराच भाग या संस्थेच्या कामातून आला आहे.

एका ठिपक्यापासून पट्ट्यापर्यंत

जुन्या सोनारचा आवाज जहाजाच्या बरोबर खालचीच खोली सांगायचा. जहाज पुढे गेलं की ठिपक्यांची एक रेघ मिळे. दोन रेघांच्या मधे काय आहे ते अंदाजाने भरायचं. बहुकिरणी सोनार आल्यावर हे बदललं. त्यात एकाच वेळी पंख्यासारखे अनेक किरण सोडतात, त्यामुळे रेघेऐवजी तळाचा रुंद पट्टा मोजला जातो. भारताचं ‘सागर कन्या’ हे संशोधन जहाज १९८३ साली आलं. पुढे त्यावर बसवलेल्या हायड्रोस्वीप यंत्रणेत ५९ किरण होते आणि पट्ट्याची रुंदी खोलीच्या दुप्पट मिळे. तीन किलोमीटर खोल समुद्रात हा पट्टा सहा किलोमीटर रुंद होतो.

१९९०च्या दशकात एनआयओच्या शास्त्रज्ञांनी अशाच पट्टा-मोजणीतून लक्ष्मी खोऱ्यातले बुडालेले डोंगर तपासले. लक्ष्मी खोरं म्हणजे भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, अरबी समुद्रात असलेला लांबट सखल भाग. त्यातल्या डोंगरांना पणिक्कर, रामन आणि वाडिया अशी नावं मिळाली. पणिक्कर हे एनआयओचे पहिले संचालक, तर दा. नो. वाडिया भारतीय भूविज्ञानातलं मोठं नाव. वाडियांच्या नावाचा डोंगर इतर दोघांपेक्षा वेगळा दिसतो. त्याचा माथा कापल्यासारखा सपाट आहे. असा माथा सहसा लाटांनी तासून होतो आणि लाटा असतात पृष्ठभागावर. म्हणून भूवैज्ञानिक असं वाचतात की हा ज्वालामुखी एकेकाळी पाण्याबाहेर डोकावत होता आणि नंतर खचत खाली गेला. सोनारने मोजला तो फक्त आकार. खचण्याची गोष्ट माणसाने त्यावरून लावली.

प्रतिध्वनी किती जोरात आला?

वेळेवरून खोली कळते, पण दगड ओळखायचा तर प्रतिध्वनीचा जोरही बघावा लागतो. खडक, खडी, शिंपल्यांची भरड वाळू आवाज जोरात परत पाठवतात. मऊ चिखल त्यातला बराच गिळून टाकतो. पहारीचा खणखणीत आणि बद्द आवाज पुन्हा इथे भेटतो.

किनाऱ्यालगतच्या उथळ तळाला शाळेच्या भूगोलात समुद्रबूड जमीन किंवा भूखंडमंच म्हणतात. मुंबई ते दमणसमोर ती तीनशे किलोमीटरहून रुंद आहे. गोव्यासमोर ती बरीच अरुंद होते आणि कोचीसमोर जेमतेम साठेक किलोमीटर उरते. तिच्या कडेला तळ एकदम खाली घसरतो, तो खंडान्त उतार. महाराष्ट्रासमोरच्या या पट्ट्यात किनाऱ्यापासून साधारण पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत चिखल आहे. हा आजच्या नद्यांनी आणलेला गाळ. त्यापलीकडे मात्र चुन्याची भरड वाळू, शिंपले आणि मेलेल्या प्रवाळांचे उंचवटे सुरू होतात.

हे उलटं वाटतं. किनाऱ्याजवळ वाळू आणि दूर बारीक चिखल, असं असायला हवं. उत्तर पुन्हा प्रतिध्वनीच्या आलेखात सापडलं. त्यावर ठरावीक खोल्यांवर पायऱ्या दिसतात आणि साधारण ऐंशी-नव्वद मीटर खोलीवर काही मीटर उंचीचे सुळके दिसतात. तिथून वर काढलेल्या नमुन्यांत माशांच्या अंड्यांसारखे गोल चुनकण निघाले. असे कण उथळ, लाटांनी सतत ढवळणाऱ्या पाण्यातच तयार होतात. त्यांचं वय काढलं तर सुमारे दहा हजार वर्षांच्या आसपास आलं. म्हणजे आज ऐंशी-नव्वद मीटर पाण्याखाली असलेली ती जागा तेव्हा समुद्राचा काठ होती. त्याहीआधी, वीसेक हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता. त्या काळी विंचूरहून समुद्र गाठायचा तर दीडशेऐवजी चारशे किलोमीटरच्या आसपास चालावं लागलं असतं.

बाहेरची वाळू म्हणजे त्या जुन्या काठाचा अवशेष. नद्यांचा आजचा चिखल अजून तिथवर पोहोचलेलाच नाही.

विजयदुर्गापासून साधारण शंभर किलोमीटर पश्चिमेला असलेला आंग्रिया बँक हा याच पट्ट्यातला बुडालेला पठारी भाग. नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडलं. भोवतालचा तळ खोल असताना याचा माथा वीसेक मीटरवर येतो, त्यामुळे तिथे ऊन पोहोचतं आणि जिवंत प्रवाळ टिकून आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या जैवविविधतेची पाहणी झाली. अशा ठिकाणचं संरक्षण करायचं तर आधी त्याची कड नेमकी कुठवर आहे हे ठरवावं लागतं, आणि ते काम सोनारचं.

गोव्यासमोरचे खळगे

एनआयओचं आणखी एक काम सांगण्यासारखं आहे. २०१० साली त्यांच्या गटाने पश्चिम किनाऱ्यासमोरच्या एका छोट्या क्षेत्राचा तपशीलवार नकाशा प्रसिद्ध केला. खोली साधारण दीडशे ते सव्वातीनशे मीटर. त्या चिखलाच्या तळावर शंभराहून अधिक खळगे निघाले. काही गोल, काही लांबट. असे खळगे सहसा खालून वायू किंवा पाणी निसटल्यामुळे पडतात. गाळात गाडला गेलेला सेंद्रिय कचरा कुजतो, मिथेन तयार होतो आणि वाट मिळेल तिथून वर येतो.

पण नुसता खळगा बघून तिथून आजही वायू येतो की हजारो वर्षांपूर्वीच थांबला, हे सांगता येत नाही. त्यासाठी खळग्याच्या आतला प्रतिध्वनी बाहेरच्यापेक्षा जोरात आहे का, खळगे रेषेत आहेत का, ती रेषा एखाद्या भ्रंशाला समांतर जाते का, लांबट खळगे प्रवाहाच्या दिशेने ताणले गेलेत का, असं एकेक तपासत जावं लागतं. आणि एक फसवी गोष्ट अशी की वायूचे बुडबुडे अडकलेला चिखलही आवाज जोरात परत पाठवतो. पडद्यावर तो खडकासारखा दिसू शकतो. तेलविहिरीचा फलाट उभा करणाऱ्याने ही गफलत केली तर पायाच मऊ गाळात जाईल. म्हणून महत्त्वाच्या जागी पोलादी पंजा किंवा नळी खाली सोडून नमुना काढल्याशिवाय कुणी ठाम बोलत नाही.

तळाच्याही खाली

आवाजाची पट्टी जितकी खालची, तितका तो खोल शिरतो. शंभर किलोहर्ट्झचा आवाज तळावरूनच परततो. साडेतीन किलोहर्ट्झचा मऊ गाळात काही दहा मीटर जातो आणि गाळाचे थर पानांसारखे दाखवतो. त्याहून खाली बघायचं तर दाबलेल्या हवेचा धमाका करतात आणि जहाजामागे ओढलेल्या लांब केबलवरच्या ध्वनिग्राहकांनी परतणारे आवाज टिपतात. याला भूकंपीय सर्वेक्षण म्हणतात, पण तत्त्व तेच.

विंचूरच्या दगडाचा माग इथे लागतो. नाशिक जिल्ह्यातले लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत, म्हणूनच डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आलेला. कोकणात उतरल्यावर पनवेलच्या परिसरात हेच थर पश्चिमेकडे वाकलेले दिसतात आणि मुंबईनंतर समुद्राखाली जातात. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ साली ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हाय इथे तेल शोधलं. तिथलं तेल मुख्यतः चुनखडकात आहे, पण त्याखाली गेलेल्या विहिरींत काळा बेसाल्ट लागला. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराला पसरलेला लाव्हा पाण्याखालीही आहे, याचा तो हाती आलेला पुरावा.

त्याच्याही पलीकडे, लक्ष्मी खोऱ्यात, २०१५ साली ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या जहाजाने विंधन केलं. मोहिमेचे सहप्रमुख होते गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व समुद्र संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि भूवैज्ञानिक पीटर क्लिफ्ट. किनाऱ्यापासून सुमारे ४९० किलोमीटर दूर, साडेतीन किलोमीटर पाण्याखाली, हजार मीटरहून जास्त गाळ कापल्यावर बेसाल्ट लागला. काळा दगड तो आपलाच, असं म्हणायचा मोह होईल. पण त्याची रासायनिक जडण दख्खनच्या लाव्हाशी जुळली नाही. लक्ष्मी खोऱ्याचा तळ महासागरी कवचाचा की ताणून पातळ झालेल्या भूखंडाचा, हा वाद अजून मिटलेला नाही. सोनारला आणि भूकंपीय लहरींना दोन्ही दगड सारखेच ऐकू येतात. फरक कळतो तो हातात तुकडा आल्यावर.

त्याच मोहिमेने आणखी एका वाचनावर शिक्कामोर्तब केलं. भूकंपीय आलेखात शेकडो मीटर जाडीचा एक थर विस्कटलेला दिसत होता, जणू व्यवस्थित रचलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यात कुणी चुरगळलेले कागद कोंबावेत. हा प्रचंड भूस्खलनाचा ढिगारा असावा, असा तर्क होता आणि त्याला नटराज हे नाव दिलं गेलं. विंधनात तिथे उथळ समुद्रातल्या चुनखडकाचे तुकडे सापडले. ते वरच्या कडेवरूनच कोसळून आलेले असणार. काळ साधारण एक कोटी दहा लाख वर्षांपूर्वीचा, आकारमान सुमारे १९,००० घन किलोमीटर. जायकवाडीसारखी सहा हजारांहून जास्त धरणं त्यात मावतील.

व्हायरल होणारी ‘बुडालेली शहरं’

सोनारचं चित्र फोटोसारखं दिसतं, म्हणून घोटाळे होतात. त्यातला भारतातला सर्वांत गाजलेला प्रकार खंभातच्या आखातातला. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या पाहणीत तिथे तीस-चाळीस मीटर खोलीवर चौकोनी, रांगेत मांडल्यासारखे आकार दिसले. मे २००१ मध्ये केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी बुडालेल्या प्राचीन वस्तीची घोषणा केली. तळावरून खरवडून आणलेल्या लाकडाच्या तुकड्याचं वय सुमारे साडेनऊ हजार वर्षं आलं आणि बातमी जगभर गेली.

अनेक पुरातत्त्वज्ञांचे आक्षेप साधे होते. खंभातला भरती-ओहोटी प्रचंड, प्रवाह जोरदार. असे प्रवाह तळावर वाळूचे सरळ पट्टे आखतात. लाकूड तर नदी कुठूनही वाहून आणू शकते, त्याच्या वयावरून भिंतीचं वय ठरत नाही. आणि बाजूला तिरका आवाज टाकणाऱ्या सोनारमध्ये उंचवट्यामागे सावली पडते. त्या सावलीमुळे हातभर उंचवटाही भिंतीसारखा भासतो. शहराचा दावा तज्ज्ञांत मान्य झाला नाही, पण ती चित्रं आजही दर काही महिन्यांनी फिरत असतात.

२००९ मध्ये गूगलच्या नकाशात आफ्रिकेसमोर अटलांटिकच्या तळावर रस्त्यांची जाळी दिसली, तेव्हाही ‘अटलांटिस सापडलं’ असा गाजावाजा झाला. त्या रेषा म्हणजे सोनार लावून फिरलेल्या जहाजांच्या वाटा होत्या. वाटेवर मोजलेली खोली आणि शेजारची उपग्रहावरून काढलेली अंदाजी खोली नीट जुळली नव्हती, म्हणून रेघा उमटल्या.

अशी चित्रं पुढे पाठवण्याआधी खोली विचारावी. तीन किलोमीटर पाण्याखाली हायड्रोस्वीपसारख्या यंत्राचा एक ठिपकाच शंभर मीटरहून मोठा असतो. त्यात भिंत, खांब किंवा देऊळ दिसणं शक्यच नाही. पाण्याचं तापमान चुकीचं धरलं तरी सपाट तळ दोन्ही कडांना वर उचललेला किंवा खाली वाकलेला दिसतो, कारण गरम-थंड थरांतून आवाज वाकून जातो. म्हणून सर्वेक्षण करणारे आधी पाण्यातला आवाजाचा वेग खोलीनुसार मोजून घेतात.

हे वाचन बिनचूक असण्याला कायद्याचंही वजन आहे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतच्या तळावर देशाचा हक्क असतो. त्यापुढचा हवा असेल तर खंडान्त उताराचा पायथा कुठे आहे ते दाखवावं लागतं. एका नियमानुसार पायथ्यापासूनच्या अंतराच्या किमान एक टक्का जाडीचा गाळ जिथवर आहे, तिथवर दावा करता येतो. पायथा शंभर किलोमीटर मागे असेल तर गाळ एक किलोमीटर जाड हवा. भारताने आपला दावा ११ मे २००९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे मांडला.

आणि विंचूरची माती?

ती पूर्वेला गेली. २००६ साली ‘जॉइडेस रिझोल्यूशन’च बंगालच्या उपसागरात भारताच्या गॅस हायड्रेट मोहिमेवर होतं. गॅस हायड्रेट म्हणजे बर्फासारख्या स्फटिकात अडकलेला मिथेन. भूकंपीय आलेखात तो असेल तिथे तळाला समांतर जाणारी एक ठळक रेषा दिसते, त्यावरून विंधनाच्या जागा निवडतात. गोदावरीच्या मुखासमोर काढलेल्या अशाच एका गाळाच्या नळीचा पुढे वेगळाच उपयोग झाला.

गाळातल्या निओडिमियम या मूलद्रव्याच्या प्रकारांवरून तो दख्खनच्या बेसाल्टचा की पूर्वेकडच्या जुन्या खडकांचा हे ओळखता येतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की गेल्या सुमारे चार हजार वर्षांत गोदावरीने समुद्रात टाकलेल्या गाळाचं प्रमाण खूप वाढलं आणि त्यात दख्खनच्या काळ्या मातीचा वाटाही वाढला. त्या काळात पाऊसमान घटून झाडोरा विरळ झाला होता. महाराष्ट्रात जोर्वे, नेवासे, दायमाबाद इथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वस्त्याही त्यानंतरच्या शतकांतल्याच. संशोधकांच्या मते कोरडं होत गेलेलं हवामान आणि नांगराखाली आलेली जमीन, या दोन्हींमुळे ही धूप वाढली.